काउंटीची नवी पाटी

अलाबामात रस्त्यावरच्या पाट्यांवर नेम धरणं हा खेळच; आमच्या काउंटीच्या हद्दीवर नवी पाटी लागली की तिच्यावर पहिली गोळी आमच्याच घरची.

मेहुणा वेंडेल गाडीतून उतरला आणि त्याने तीन गोळ्या झाडल्या. पत्रा तीनदा खणखणला, पण पाटीवर ओरखडाही उमटला नाही.

"डोळे फुटले का साल्या?" म्हणत मी पाटीपाशी गेलो. पत्र्याला हात लावला. तो माणसाच्या अंगासारखा कोमट होता आणि तळव्याखाली धडधडत होता.

"दाजी, सरका! अजून एक घालतो."

"नको!" ओरडत मी वळलो.

वेंडेल बंदूक रोखून दात काढत उभा होता. त्याचा सदरा रक्ताने निथळत होता. छातीला पडलेल्या तीन भोकांतून मागचं कापसाचं शेत दिसत होतं.

"दाजी," त्याने विचारलं, "लागली का हो एखादी?"