अडलेला चहा

कल्पना करा मुलांनो, तारनाक्याच्या दवाखान्यात नरहरनाना पलंगावर बसलेत. काल डॉक्टरांनी दुर्बिणीने, चार बारीक छिद्रांतून, त्यांच्या आतड्याचा दुखरा तुकडा काढला आणि आज सकाळीच त्यांना चालायलाही लावलं. नानांना चहा हवाय. पण आतडं जागं होऊन वायू सरल्याशिवाय घोटभरही मिळणार नाही. नर्सने दारातून विचारलं, “अंकल, गॅस पास हुआ क्या?” जन्मभर संस्कृत शिकवत आलेले नाना चारचौघांत ‘हो’ कसं म्हणणार? म्हणाले, “सिलिंडरचं सूनबाई बघते.” नर्स हसत पुढे गेली. नात चिन्नीने विचारलं, “मघाशी आवाज आला तो?” “खुर्ची करकरली गं.” “तुम्ही तर पलंगावर आहात!” शेजारी कपबशी वाजली. नानांची मान तिकडे वळली. तशी चिन्नी ओरडतच व्हरांड्यात धावली, “सिस्टर, नाना का गॅस कबकाच पास हो गया, बोलने कू शरमा रैं! चाय लाओ!”