बाईंच्या कानाला जुळणारा ॲम्प

गाताना स्वतःचा आवाज आणि वाद्यं कानात ऐकवणाऱ्या गायिकाबाईंच्या इअरफोनला जुळणारा छोटा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी डबी, शोधता शोधता साउंडवाल्याच्या नाकी नऊ आले होते. पहिल्या कार्यक्रमाला दिलेल्या ॲम्पमध्ये बाईंना सारखं सूंऽऽ ऐकू येत होतं. दुसऱ्यात स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. तिसरा तर जोडताच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

चौथ्या कार्यक्रमाला त्याचं डोकंच फिरलं. त्याने तो पहिलाच ॲम्प काळ्या टेपमध्ये गुंडाळला आणि गंभीर चेहऱ्याने बाईंच्या हातात ठेवला. "हा खास तुमच्यासाठी मागवलाय, बाई."

त्या दिवशी बाई अशा काही रंगल्या की विचारू नका. स्टेजवरून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "हा मात्र अगदी झकास जुळला रे!"

'कशी फसवली!' असं मनाशी म्हणत तो ॲम्प परत घ्यायला पुढे झाला. पाहतो तर इअरफोनची पिन ॲम्पमध्ये नव्हतीच. वायर गुंडाळून बाईंनी कमरेला खोचली होती.



"अरे, जोडलीच नव्हती मी," बाई ओशाळून म्हणाल्या. "शेजारची वाद्यं मला तशीही ऐकू येतात. पण तीनदा तोंड पाडून गेलास, म्हटलं आज तरी हसत घरी जाशील."