अडकलेली पोस्ट

ब्लॉगवर ज्या दिवशी जी रेसिपी, त्या दिवशी घरात तेच जेवण, हा सुनयनाचा नियम.

ब्लॉग बंद पडू नये म्हणून शेजारच्या तबरेजने आज तो नव्या व्हर्जनवर नेला. लगेच तिच्या नवऱ्याचा, इंद्रजितचा मोबाइल वाजला. नवी पोस्ट आली होती : 'हॉस्पिटलमधून घरी आले! आज मऊ भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण.' खाली कमेंट : 'वेलकम बॅक, ताई!'

तबरेज गडबडला. "सॉरी काका. ऑपरेशनच्या आधीच काकूंनी ही पोस्ट तारीख लावून ठेवलेली. जुन्या व्हर्जनमध्ये अडकली होती, आता सुटली. काकू गेल्या हे लोकांना माहीत नाय. काढून टाकू?"

"राहू दे," इंद्रजितने पिशवी उचलली. "करावे गावच्या मासळीबाजारात बोंबील मिळतात का, बघून येतो."