सोबत्याला तिकीट नाही

“आला का आमचा श्रावणबाळ,” कंडक्टर म्हणाला आणि पहिल्या बाकावरच्या माणसाला त्यानं खांद्याला हात लावून उठवलं. “आजींना बसू द्या.”

श्रावणबाळानं आईला बसवलं. तिच्या गळ्यातला पास उलटा झाला होता, तो सुलटा करून कंडक्टरला दाखवला. पास अंधांचा. अंधाला प्रवास फुकट, आणि हात धरून नेणाऱ्या एका सोबत्यालाही फुकट. सोबती एकटा चढला की मात्र चारचौघांसारखं पूर्ण तिकीट. हा नियम त्याला चार महिन्यांपूर्वी कळला, आणि तेव्हापासून त्यानं कामावर जाता-येता एकदाही तिकीट काढलं नव्हतं. सकाळी आईला घेऊन निघायचं, दिवसभर दुकानात मागच्या स्टुलावर बसवायचं, संध्याकाळी परत आणायचं. दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. लोकांनी मारलेले काटे हा सरळ करून देतो, म्हणजे बघा.

“घरात एकटी बसून काय करणार? चल माझ्याबरोबर, तेवढीच हवापालट,” असं त्यानं आईला सांगितलं होतं. बायको दिवसभर घरातच असते. तरी आईनं काही विचारलं नव्हतं.

आज आईचा हात तापला होता. रात्रीपासूनच कणकण होती. निघताना बायको म्हणालीही, “अहो, आज राहू द्या त्यांना. मी आहे ना.”

“दुकानात बसून बरं वाटेल तिला,” तो बायकोकडे न बघता म्हणाला. आई तोवर दाराशी पायानं चपला चाचपत होती.

आता बसमध्ये आईशेजारी एक नर्स बसली होती, ड्युटीवर निघालेली, पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर घातलेली. बसनं वळण घेतलं तशी आई तिच्यावर कलली, आणि नर्सनं सवयीनं तिचं मनगट धरलं.

“अहो, चांगलाच ताप आहे यांना. कुठं घेऊन निघालात?”

“दवाखान्यातच,” तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

“कुठल्या?”

“तो शेवटच्या स्टॉपजवळ आहे ना, तिथल्या.”

“तो आज बंद असतो. आमच्या हॉस्पिटलला चला, दोनच स्टॉप. मी थेट आत नेते, रांग नको नि काही नको.”

हॉस्पिटल म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि खाडा कापताना मालक कधी विसरत नाही. कंडक्टर तर दोरीला हात घालून तयारच. “ड्रायव्हरसाहेब, हॉस्पिटलला जरा जास्त वेळ थांबा, आजारी माणूस उतरतंय,” त्यानं ओरडून सांगितलं. उभी असलेली माणसं अंग चोरून वाट करू लागली. चांगुलपणाला नुसता पूर आला बसमध्ये, आणि हा आपला मधोमध दांडी धरून उभा.

“मला नको दवाखाना,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“हा नेत होता हो, बाई. त्याचा काही दोष नाही. मीच ऐकत नाही. मला त्याच्या दुकानात त्याच्याजवळ बसायचं असतं. वय झालं की हट्टीपणा येतो.”

मग काय, आख्खी बस आईवर तुटून पडली. प्रेमानंच. नर्स म्हणाली, “आजी, असं करू नये. मुलगा कामधंदा सोडून एवढं करतोय.” मागून कुणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्या माणसांचं हे असंच, लहान मुलांच्या वरताण.” कंडक्टरनंही आपलं घोडं दामटलं, “दिवा घेऊन शोधलात तरी असा मुलगा मिळायचा नाही, आजी. छळू नका त्याला.” आई मान खाली घालून ऐकत होती.

“चुकलं,” ती म्हणाली.

त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. ती हट्टी नाही, मी चिक्कू आहे. एवढंच. वाक्य ओठापर्यंत आलंही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, पण तोंड काही उघडलं नाही. लाज आईच्या वाट्याला गेली होती आणि त्यानं ती जाऊ दिली. हॉस्पिटलचा स्टॉप आला. नर्सनं पर्समधून दोन गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या, “काहीतरी खाल्ल्यावर द्या” म्हणाली, आणि उतरताना त्याच्या दंडावर थोपटून गेली.

त्यापुढचा स्टॉप त्यांचा. त्यानं आईला सांभाळून उतरवलं. बस निघून गेली. रस्त्यापलीकडे मालक दुकानाचं शटर वर करत होता. मालकानं ह्याला पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. हा जागचा हलला नाही. आईचा हात त्याच्या हातात होता आणि तो आता बसमध्ये होता त्याहून जास्त तापला होता.

“आई, घरी जाऊ. मी सोडतो तुला आणि मग येतो कामावर. कापू दे त्याला काय कापायचं ते.”

“आत्ता नको.”

“अगं, केवढा ताप आहे अंगात.”

“संध्याकाळी जाऊ की दोघं,” आई म्हणाली. “आत्ता मला सोडायला आलास, तर परत येताना तुला तिकीट पडेल.”