काकूंची सुटका
“काकू, तुमची सुटका करतोय,” सर म्हणाले. मीटिंगरूमच्या फळ्यावर काकूंच्या टीमची पिवळी चिठ्ठी ‘म्हातारी’खाली होती, ती उचलून त्यांनी नव्या ॲपखाली चिकटवली.

काकूंनी तोंडावर कसंबसं हसू आणलं.

म्हातारी म्हणजे वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर. काकूंनी आणि त्यांच्या टीमने ते उभं केलं, निस्तरलं, मार्गी लावलं. आता ते आपलं आपण चालायचं. अवेळी फोन नाहीत, दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपत आला म्हणून धावाधाव नाही, चौघंही दिवेलागणीच्या आत घरी. हे सुख कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून काकू जेवणाच्या टेबलावर नेमाने रडगाणं गायच्या. “काय सांगू, या म्हातारीनं जीव नकोसा केलाय!” सर मनाचे मऊ. त्यांना ते सगळं खरं वाटलं आणि टीमची नवी वाटणी करताना त्यांनी पहिली दया काकूंवरच केली.

आता ‘मला तीच हवी’ म्हणावं तर इतक्या वर्षांचं सोंग उघडं पडणार. गप्प बसावं तर अदलाबदलीत म्हातारी दाढीवाल्याच्या पदरात. तो नव्या ॲपच्या टीमचा लीड. माणूस भला, पण भारी संशयी. फुकटची कॉफीसुद्धा हुंगून प्यायचा.

काकू त्याच्याकडे वळल्या आणि गोड हसल्या.

“घे रे राजा. सोन्यासारखी आहे बघ म्हातारी. त्रास म्हणून नाही. सुखात राहशील.”

दाढीवाल्याचा हात दाढीतच थांबला. काल दुपारी जेवताना हीच बाई म्हातारीच्या नावाने बोटं मोडत होती.

“सर, आमचं आहे तेच बरं आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “काकू एवढं कौतुक करतायत, म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार.”

सरांनी तिसऱ्या टीमच्या लीडकडे पाहिलं. त्याने लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पिवळी चिठ्ठी परत म्हातारीखाली गेली. “सॉरी हं काकू, मी प्रयत्न केला,” सर हळहळले. काकूंनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि त्या बाहेर आल्या.

दाराशी त्यांची टीम जीव मुठीत धरून उभी होती.

“राहिली आपल्याकडेच,” काकू कुजबुजल्या.

“काय सांगता! अशी कुठली थाप मारलीत, काकू?”

“थाप कसली? म्हातारीबद्दल आज पहिल्यांदाच खरं बोलले.”