मागचे डोंगर

वरच्या मजल्यावरच्या दळवीवहिनींच्या बाथरूममधून आमच्या भिंतीत पाणी झिरपत होतं. "तुमच्याच नळाचं असेल," म्हणत त्या हात झटकायच्या. शेवटी मी स्वतः रंगवलेलं डोंगरांचं चित्र त्या ओलीवर टांगलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी आल्या आणि चित्रासमोर खिळल्याच.

"अय्या, तुम्ही काढलंत? पुढचे डोंगर जरा इडल्यांसारखे झालेत हो. पण ते मागचे, चौकटीबाहेर थेट भिंतीवर उतरलेले, धुक्यात विरलेले! ते कसे जमले?"

"ते तुमच्या बाथरूमने काढलेत, वहिनी."

वहिनींचा तिळगूळ ओठांपाशीच थांबला. "उद्याच प्लंबर आणते," त्या पुटपुटल्या.

आमच्या ह्यांना जग जिंकल्यासारखं झालं. मला मात्र त्या इडल्या झोंबल्या होत्या.

"परवा आणा," मी म्हटलं. "उद्याचा दिवस मला ते डोंगर बघून गिरवू द्या."