चंचीतला दिवा

"उघडा बघू आबा, हात घाला आत," राजेश्वरी म्हणाली आणि तिनं पानसुपारीची चंची वडिलांच्या, लालासाहेबांच्या, मांडीवर ठेवली.

आईच्या दिवसकार्याला ती माहेरी आली, तेव्हा आबा चंचीत चुन्याची डबी चाचपत बसलेले तिनं पाहिले होते. म्हणून या खेपेला सांगलीहून येताना तिनं बटणाएवढा दिवा आणला. पिशवीत नाहीतर डब्यात चिकटवायचा. हात आत गेला की आपोआप लागतो, थोड्या वेळानं आपोआप विझतो. तिच्या पर्समध्येही तसलाच होता.

लालासाहेबांची बोटं चंचीच्या दोरीवरच थांबली. फौजेतून हवालदार होऊन आलेल्या या माणसाची नजर काचबिंदूनं कधीच गेली होती, आणि गावात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी मनुबाई, त्यांची बायको. मनुबाई महिन्यापूर्वी गेली.

ती होती तोवर काही अडलं नाही. अंगणात पाऊल वाजलं की चुलीपुढून तिचा हेल यायचा, "आवं, नाथाजी भावजी आल्यात. पटका नवा हाय बघा." लगेच लालासाहेब ओट्यावरून म्हणायचे, "काय नाथाजी, नवा पटका! कुणाचं लगीन काढलंस रं?" गाव म्हणायचं, नजर असावी तर फौजेतल्या माणसाची. मनुबाई गेली तेव्हा त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गाव म्हणालं, काळीज दगडाचं. खरं म्हणजे पुढ्यात कोण उभं आहे हेच आता त्यांना कळत नव्हतं. रडायचं तरी कुणापुढं? येईल त्याला ते "या, बसा" म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

आज सकाळीच राजेश्वरी म्हणाली होती, "नजर मंदावली असंल तर सांगा, आबा. घराला कुलूप लावू आन् सांगलीला चला माझ्यासंगं." कुलूप म्हटल्याबरोबर त्यांना धडकी भरली होती. या घरात उंबरा कुठं, रांजण कुठं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. इथं ते अजून हवालदार लालासाहेब होते. सांगलीला तिसऱ्या मजल्यावर नुसतं एक आंधळं म्हातारं होऊन बसावं लागलं असतं.

त्यांनी चंचीची दोरी सोडली आणि हात घातला. आता दिवा लागला असणार. त्यांनी झटकन मान मागं घेतली, डोळे किलकिले केले, वर तळहात आडवा धरला.

"आगं आगं, डोळं दिपलं की माझं! सुपारीचं खांड न् खांड दिसाय लागलं."

राजेश्वरी काही बोलली नाही. पोरगी खूश झाली असेल असं वाटून ते आणखीच रंगात आले.

"तुझी आई असती तर म्हणली असती, म्हाताऱ्याचं लय लाड चाललंत."

मग तिनं चंची त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. प्लॅस्टिक सरकल्याचा बारीकसा आवाज झाला आणि चंची परत मांडीवर आली.

"काय केलंस गं?"

"सेलखालची पट्टी काढायची ऱ्हायली हुती, आबा. ती काढल्याबिगर दिवा लागतच न्हाई."

लालासाहेबांनी तळहात खाली घेतला. मनुबाईनं एवढी वर्षं झाकून ठेवलेलं त्या बटणाएवढ्या दिव्यानं उघडं पाडलं, आणि तेही न लागता. आता पोरगी उठणार, कुलूप शोधणार, कपडे पिशवीत भरणार. ते मान खाली घालून वाट बघत राहिले. राजेश्वरी उठली नाही. तिच्या नाक ओढण्याचा तेवढा आवाज येत होता.

एवढ्यात फाटक करकरलं. अंगणात पावलं वाजली, कुणीतरी खाकरलं. लालासाहेबांनी सवयीनं "या, बसा" म्हणायला तोंड उघडलं.

"आबा, नाथाजीकाका आल्यात," राजेश्वरी म्हणाली. मोठ्यानं, हेल काढून, अगदी आईसारखं. "धोतर नवं हाय बघा."

चपला काढता काढता नाथाजी थबकले. महिनाभर ज्याच्या डोळ्यांत गावानं टिपूस पाहिलं नव्हतं, तो हवालदार चंची छातीशी धरून लेकरासारखा हमसून हमसून रडत होता.